६१७४ चादरीवर विणताना: कामाच्या नोंदी

आठवीच्या वर्गाबरोबर नोव्हेंबर ते जानेवारी हे काम चाललं. शेवटी हातात आला तो सोलापुरी चादरीच्या विणीचा पंचवीस इंची चौकोन. त्याच्यावर शंभर ओळी आणि शंभर रकाने आहेत. ०००० पासून ९९९९ पर्यंतच्या प्रत्येक संख्येला एक घर आहे आणि तिला (३ नोव्हेंबरच्या नोंदीत दिलेल्या वजाबाकीच्या रीतीने) ६१७४ ला पोचायला किती पायऱ्या लागतात, ते त्या घरातल्या पांढऱ्या ठिपक्यांवरून कळतं. कुणाला असंच काही करायचं असेल तर आमचे चुकीत गेलेले दिवस त्यांचे जाऊ नयेत, म्हणून ही वही इथे उतरवते आहे.

३ नोव्हेंबर

वर्गात गणितज्ञ द. रा. कापरेकरांची रीत सांगितली. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा. जे येईल त्याला पुन्हा तेच करा. आपल्या पिनकोडचे पहिले चार अंक घेतले, ४१३०.

४३१० − ०१३४ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

दोन पायऱ्यांत पोचलो. पुढे कितीही वेळा केलं तरी ६१७४ च येतं. मग प्रत्येकाने आपलं जन्मवर्ष घेतलं. २०१२ वाले तीन पायऱ्यांत पोचले, २०११ वाले चार. कुणीतरी फळ्यावरचं कापरेकरांचं जन्मवर्ष १९०५ घेतलं, त्याला सात लागल्या. डहाणूत जन्मलेल्या आणि देवळालीच्या शाळेत आयुष्यभर शिकवलेल्या या माणसाने ही गोष्ट १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. ते १९४९ घेतलं तर त्यालाही सातच. सातापेक्षा जास्त कुणालाच लागत नाहीत.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, सगळ्या संख्या एकदम बघता येतील का?" हे काम तिथून सुरू झालं. सोलापूरच्या पूर्व भागातली निम्मी मुलं मागाच्या खटखटाटात वाढलेली, त्यामुळे "चादरीवर विणू या" हेही त्यांच्यातूनच आलं. २२ डिसेंबरच्या गणित दिनाला शाळेत लावायचं ठरवलं.

९ नोव्हेंबर

पहिली चूक माझी. चाळीस मुलं, दहा हजार संख्या, म्हणजे प्रत्येकाला अडीचशे. वाटून दिल्या आणि हाताने करा म्हटलं. आज कागद गोळा केले. मुलांनी मनापासून केलं होतं, पण हातच्याच्या चुका इतक्या की शेजारच्या दोघांनी तपासणीसाठी एकच संख्या केली तरी उत्तरं जुळेनात. एक मुलगी तर आठव्या, नवव्या, दहाव्या पायरीपर्यंत गेली आणि आपलंच काहीतरी चुकतंय म्हणून रडवेली झाली. तिच्या दुसऱ्याच पायरीत वजाबाकी चुकली होती. सहा दिवस गेले आणि यातलं काहीही वापरता आलं नाही.

१२ नोव्हेंबर

एक्सेलमध्ये केलं. दोन रात्री लागल्या. छापून आणलं तर वरच्या दहा ओळी, म्हणजे ०००० ते ०९९९, साफ बिघडलेल्या. तिथल्या बहुतेक संख्या ६१७४ ऐवजी ४९५ वर जाऊन थांबत होत्या. खालच्या नव्वद ओळी बऱ्या दिसत होत्या, पण मधे मधे काळी घरं होती, जिथे उत्तर शून्य आलं होतं.

मुलांनी काळी घरं मोजली. ७७ भरली. त्यातली नऊ समजण्यासारखी होती: ११११, २२२२ पासून ९९९९ पर्यंत. सारख्या अंकांची वजाबाकी शून्यच येणार. उरली किती? ६८.

वर्ग एकदम शांत झाला. सोलापुरात ६८ म्हटलं की लहान पोरालाही ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांनी स्थापलेली अडुसष्ट लिंगं आठवतात. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज त्या लिंगांना तैलाभिषेकाला जातात, ते सगळ्यांनी पाहिलेलं. मलाही क्षणभर काही सुचलं नाही. योगायोग आहे हे मी त्यांना सांगितलं, पण ही ६८ आली कुठून ते शोधायचंच असंही ठरलं, आणि त्या शोधातच चूक सापडली.

ती घरं अशी होती: १०००, १११२, २१११, ८९९९. तीन अंक सारखे आणि चौथा एकाने कमी किंवा जास्त. २१११ घेतली तर २१११ − १११२ = ०९९९. इथे एक्सेलने पुढचं शून्य टाकून दिलं. राहिलं ९९९, आणि ९९९ − ९९९ = ०. शून्य ठेवलं असतं तर ९९९० − ०९९९ = ८९९१, मग ८०८२, ८५३२, ६१७४. पाच पायऱ्यांत व्यवस्थित पोचली असती. वरच्या दहा ओळींचा रोगही तोच: पुढचं शून्य गेलं की ती तीन अंकी संख्या होते, आणि तीन अंकी संख्यांचा मुक्काम ४९५ हा आहे.

उपाय सोपा होता. प्रत्येक पायरीला उत्तर चार अंकी मजकूर म्हणून लिहायला लावायचं, शून्यांसकट. दहा मिनिटांत झालं. ज्यांना संगणकावर करायचंय त्यांनी आधी २१११ आणि ०००१ या दोन संख्या तपासाव्यात. दोन्हींना पाच पायऱ्या आल्या तरच पुढे जावं.

१५ नोव्हेंबर

एक्सेलवर माझा पूर्ण विश्वास बसेना, म्हणून हाताने ताळा करायची वाट शोधत होते. ती वर्गात सापडली, आणि पहिल्याच दिवशी सापडली असती तर ते सहा दिवस वाचले असते.

अंक उतरत्या क्रमाने लावले की दोनच गोष्टी लागतात: पहिल्या आणि शेवटच्या अंकातला फरक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक. पहिल्याला ९९९ ने गुणा, दुसऱ्याला ९० ने, बेरीज करा. वजाबाकीचं उत्तर तेच. ४१३० चे फरक ४ आणि २. ३९९६ + १८० = ४१७६. बरोबर. म्हणजे दहा हजार वेगळ्या वजाबाक्या नाहीतच. मधला फरक बाहेरच्या फरकापेक्षा मोठा असू शकत नाही, त्यामुळे जोड्या होतात फक्त ५४. चाळीस मुलांनी ५४ जोड्या एका तासिकेत उरकल्या, दोनदा.

आमची बेरीज इथे देते, कुणालाही आपला तक्ता याच्याशी ताडून पाहता येईल. ० पायऱ्या: १ (स्वतः ६१७४). १ पायरी: ३८३. २ पायऱ्या: ५७६. ३ पायऱ्या: २४००. ४ पायऱ्या: १२७२. ५ पायऱ्या: १५१८. ६ पायऱ्या: १६५६. ७ पायऱ्या: २१८४. कधीच न पोचणाऱ्या, ०००० धरून: १०. एकूण बरोबर १०,०००. एक्सेलशी जुळलं.

२० नोव्हेंबर

एका विद्यार्थ्याच्या आजोबांचा पूर्व भागात लहान कारखाना आहे. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणते. आठ छटांचा रंगीत कागद मी मोठ्या उत्साहाने त्यांच्यापुढे पसरला. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं.

"मॅडम, चित्र झकास आहे. पण चादरीत रंग दोनच. वर एक, खाली एक. जिथं नक्षी, तिथं खालचा वर येतो. आठ रंग कुठून आणू?"

चादर रोज अंगावर घेतो, पण तिच्या दोन्ही बाजूंना तीच नक्षी उलट्या रंगांत दिसते ती या अदलाबदलीमुळे, हे मला त्या दिवशी नीट कळलं. रंगही आपण निवडायचा नसतो, बीमवर, म्हणजे मागाच्या रुळावर, ताणा (उभे धागे) चढवलेला असेल तोच घ्यायचा.

जॅकार्ड म्हणजे नक्षीप्रमाणे ताण्याचे धागे उचलणारं मागावरचं यंत्र. अण्णांच्या जॅकार्डला ४०० हूक. आमचे रकाने १००. म्हणजे एका घराला चार हूक. वाट त्यांनीच दाखवली: घर चार बाय चार ठिपक्यांचं करा, आणि छटा ठिपक्यांच्या संख्येतून दाखवा. कधीच न पोचणाऱ्या संख्येला एकही पांढरा ठिपका नाही. सात पायऱ्यांना दोन ठिपके, सहाला चार, असं करत एका पायरीला चौदा. सगळे सोळा ठिपके पांढरे असं घर एकच, ६१७४ चं.

२८ नोव्हेंबर

जॅकार्डला नक्षी कळते ती भोकं पाडलेल्या कार्डांवरून. सगळी कार्डं एकदम पंच करू नका, असं अण्णांनी बजावलं होतं. ऐकलं ते बरं झालं. पहिल्या दहा ओळींचाच नमुना केला. एका आडव्या रेघेला दोन कार्डं लागतात, एक पांढऱ्या बाण्याचं (आडव्या धाग्याचं) आणि एक रंगीत बाण्याचं. दहा ओळी, चाळीस रेघा, ८० कार्डं. पाच रुपयांप्रमाणे ४०० रुपये. नमुना मरून ताण्यावर विणला आणि त्यात तीन चुका एकदम दिसल्या.

एक, घरं चौकोनी नव्हती. आडव्या इंचात सोळा ठिपके बसत होते आणि उभ्या इंचात बारा. दहा ओळी अडीच इंचांत मावायला हव्या होत्या, त्या सव्वातीन इंचांच्या वर गेल्या. पूर्ण चित्र पंचवीस बाय तेहतीस झालं असतं.

दोन, ठिपके मी डावीकडून भरत आणले होते. आठ ठिपके म्हणजे दोन पूर्ण रेघा. शेजारच्या घरातही आठ असले की रेघ पुढे चालूच. छटा दिसायच्या ऐवजी आडवे पट्टे दिसत होते. अण्णा म्हणाले, "ही चटई झाली. ठिपके पेरा, पेरणीसारखे."

तीन, आणि ही कुणाच्याच लक्षात आली नव्हती. मागाच्या रुंदीत चित्र दोनदा येतं, म्हणजे दोन प्रती मिळणार म्हणून आम्ही खूश होतो. पण त्या मागाच्या हार्नेसची (हुकांना ताण्याशी जोडणाऱ्या दोऱ्यांची) बांधणी मधून दुमडल्यासारखी होती. फुलांच्या चादरीला तेच हवं असतं, डावं फूल उजव्याच्या समोर येतं. आमच्या दुसऱ्या प्रतीत मात्र ०००० चं कोरं घर डाव्या कोपऱ्याऐवजी उजव्या कोपऱ्यात आलं होतं. आरशातला तक्ता वाचणार कसा?

नमुना विणण्याचे पैसे अण्णांनी घेतले नाहीत.

४ डिसेंबर

घर चार बाय तीन केलं. तीनशे रेघा, बारा रेघांना एक इंच, उंची बरोबर पंचवीस इंच. शिवाय कार्डं ८०० च्या जागी ६०० झाली, म्हणजे हजार रुपये वाचले. पण ठिपके आता बाराच. सात पायऱ्यांना १, सहाला ३, पाचाला ४, चाराला ६, तीनला ८, दोनला ९, एका पायरीला ११, आणि ६१७४ ला १२. आठ आणि नऊ ठिपक्यांतला फरक हातभर अंतरावरूनच कळतो, लांबून नाही. तेवढं स्वीकारलं.

प्रत्येक छटेचे ठिपके कुठे पेरायचे हे ठरवायला चार संध्याकाळी गेल्या. एक ठिपक्याचं घर सर्वात अवघड. ठिपका कोपऱ्यात ठेवला की तो शेजारच्या घराचा वाटतो. शेवटी मधल्या रेघेत ठेवला.

सरळ बांधणीचा माग अण्णांकडे एकच, निळ्या-पांढऱ्या ताण्याचा. त्याच्यावर आधीची ऑर्डर चालू होती. ती संपेपर्यंत थांबायचं. गणित दिन हुकणार हे आजच कळलं.

१२ डिसेंबर

सहाशे कार्डं पंच होऊन आली. ३००० रुपये. आता तपासायची कशी? एकेक भोक मोजणं शक्य नव्हतं.

वर्गातला एक मुलगा छापील तक्ता उलटा धरून बसला होता. मी सरळ कर म्हटलं तर म्हणाला, "बाई, उलटा केला तरी तसाच आहे." खरंच होतं. कुठलीही संख्या ९९९९ मधून वजा केली की तिचा प्रत्येक अंक नवाच्या पलीकडे उलटतो, पण अंकांमधले फरक तेच राहतात, म्हणून पायऱ्याही तेवढ्याच. अपवाद एकच जोडी: ६१७४ ला शून्य आणि ३८२५ ला एक. १९४९ ला सात, ८०५० लाही सात. त्यामुळे तक्त्याची कुठलीही ओळ घ्या, वरून ती जितकी खाली तितकीच खालून वर असलेली ओळ तिचीच उलटी असते. ४७ ची ओळ उजवीकडून वाचली की ५२ ची.

तपासणीला याहून सोपं काय हवं! ठिपक्यांची मांडणी फिरवून जुळत नसल्याने कार्डांवर थेट हे चालत नव्हतं, म्हणून मुलांनी कार्डांवरून प्रत्येक घरातले ठिपके मोजून आकडे लिहिले आणि ओळींच्या जोड्या लावल्या. पन्नास जोड्या, पंचवीस गट, दोन तास. ३८ आणि ६१ मधला तो अपवाद सोडला तर फक्त ३१ आणि ६८ या जोडीत एक घर जुळलं नाही. ३१ च्या ओळीतल्या कार्डाला एक भोक जास्त पडलं होतं. अण्णांनी जाड कागदाचा तुकडा डिंकाने चिकटवून ते बुजवलं. नव्या कार्डाची गरज लागली नाही.

२२ डिसेंबर

गणित दिनाला कागदी तक्ताच लावला.

९ जानेवारी

माग रिकामा झाला. १२ पासून यात्रेमुळे कारखाना बंद राहणार, त्याआधी विणणं भाग होतं. कार्डं क्रमाने दोऱ्यांनी ओवून साखळी करायला ३०० रुपये. साखळी चढवून माग लावण्यात दीड दिवस गेला. तेवढा वेळ माग अडला त्याचे अण्णांनी १२०० सांगितले, मी ते आनंदाने दिले. सुताचे ३५० वेगळे.

प्रत्यक्ष विणायला थांबत थांबत वीस मिनिटं लागली. सहा मुलं मागाभोवती दाटीने उभी होती. धोटा इकडून तिकडे, साखळी एकेक कार्ड पुढे सरकत, आणि कापड बोटबोट वर येत होतं. मधे ३३ च्या ओळीला धोट्यातली पांढऱ्या सुताची कांडी संपली. अण्णांच्या लक्षात येईपर्यंत तीन रेघा पांढऱ्याशिवाय गेल्या. माग उलटा फिरवून उसवून पुन्हा विणलं, तरी तिथे एक बारीक सुरकुती राहिली आहे. हात फिरवला की लागते.

६१ ची ओळ यायच्या आधी मुलं मोजायला लागली. १९ च्या ओळीत १९०५ आणि १९४९ ही दोन्ही घरं आधीच येऊन गेली होती, दोन्ही जवळजवळ पूर्ण निळी, मधे एकेकच पांढरा ठिपका. ६१ आली. ६१७३ फिकट, तिला तीनच पायऱ्या. ६१७५ गडद, तिला सात. खाली येणारी ६२७४ तीही सातची. त्या गर्द निळ्याला टेकून पाव इंचाचं एक घर, पूर्ण पांढरं. अण्णांनी माग थांबवला आणि बोट ठेवलं. "हाच का तो?" म्हणाले. पन्नास वर्षं नक्षी विणणाऱ्या माणसाने त्या एका घराकडे ज्या मायेने पाहिलं, ते मी विसरणार नाही.

१४ जानेवारी

वरच्या काठावर ६१७४ बद्दल थोडं विणायचं मनात होतं, पण चारशेच्या चारशे हूक घरांत संपले. हे आधी लक्षात घ्यायला हवं होतं: काठासाठी हूक राखून ठेवा. आता एका विद्यार्थिनीच्या आईने काठाच्या पट्टीवर भरतकाम करून दिलं:

६१७४ = १८ + १८² + १८³

६, १, ७, ४ यांची बेरीज १८. ६१७४ ला १८ ने भागलं की ३४३, म्हणजे सातचा घन. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना 'हर्षद' हे नावही कापरेकरांनीच दिलेलं, म्हणून दुसऱ्या टोकाला तो शब्द आणि त्यांचं नाव. शिंप्याचे १२० रुपये. आलेख-कागद आणि छपाईचे सुरुवातीपासूनचे २६०. नमुन्यासकट एकूण खर्च ५,६३० रुपये, दोन प्रती. दुसरी प्रत अण्णांच्या कारखान्यात राहील.

१७ जानेवारी

आज कापरेकरांचा जन्मदिवस. सकाळी प्रार्थनेआधी शिपाईमामांनी चादर व्हरांड्यात टांगली. भरतकामाची पट्टी मागे दुमडली गेली होती, आणि मी पाहिलं तेव्हा सगळं ठीक वाटलं. तक्ता उलटा केला तरी तसाच असतो, त्यामुळे वाटणारच.

ती नोव्हेंबरमधली रडवेली झालेली मुलगी चादरीसमोर उभी राहिली आणि ओळी मोजू लागली. मग मला बोलवायला आली. "बाई, पांढरं घर ३८ च्या ओळीत २५ च्या रकान्यावर आलंय. तिथे ३८२५ पाहिजे. तिला एक पायरी आहे."

९९९९ मधून ६१७४ गेले की ३८२५. ही दोन सोडून उरलेली ९,९९८ घरं पायऱ्यांच्या हिशेबात उलट-सुलट सारखीच, त्यामुळे वरची बाजू कुठली ते त्या एकट्या पांढऱ्या घरावरूनच कळत होतं. शिपाईमामांना शिडी परत आणायला सांगितली. तिनेच खालून धरून चादर सरळ करून घेतली.